ईस्टर पार्टीची दारूवाली जेली : तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

ईस्टर जवळ आला की या सदराच्या टपालात एकच विषय असतो, जेली शॉट्स, म्हणजे छोट्या कपांतली दारूवाली जेली. यंदाच्या पत्रांमधली सात घेतलीयत, लांबलेली होती ती कापून छोटी केलीयत. आणि ज्यांनी फक्त "जिलेटिन आणि जेलीचं पाकीट एकच का?" एवढंच विचारलंय त्यांना इथेच सांगून टाकते, एक नाही. जिलेटिन म्हणजे बिनचवीची पावडर किंवा शीट्स, पाकिटात साखर, रंग, आंबटपणा, फ्लेवर सगळं घातलेलं असतं आणि त्यात जिलेटिन थोडंच.

प्रश्न : ८५ ग्रॅमचं जेलीचं पाकीट, एक कप उकळतं पाणी, आणि नंतर जे एक कप थंड पाणी घालायचं असतं त्याऐवजी सगळी व्होडका, वरून ताज्या अननसाचे बारीक तुकडे. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलं तरी सूपच! पाहुणे परवा येणारेत. — सूपवाली

तुम्हाला व्होडकाचा संशय येत असणार, पण ती एकटी एवढं करत नाही, खरा घोळ अननसाने घातलाय. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं आणि जिलेटिन हे शेवटी प्रोटीन, त्याच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींत गुंतल्या की पाणी अडकून बसतं आणि जेली होते, ब्रोमेलेन त्या साखळ्या कात्रीने कापल्यासारख्या कापत सुटतं. फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवा, काही होणार नाही. किवी, पपई, ताजं अंजीर, आलं, सगळ्यांची हीच कथा, एन्झाइमची नावं तेवढी वेगळी. डब्यातला अननस मात्र बिनधास्त चालतो कारण डबाबंद करताना तो तापवलेला असतो आणि उष्णतेने एन्झाइम मरतं, ताजाच हवा असेल तर तुकडे आधी चांगले उकळून थंड करून घाला.

आता व्होडका. तुमच्या हिशोबात अर्धं मिश्रण ४० टक्केवाली व्होडका, म्हणजे जेली २० टक्क्यांवर गेली. एवढ्यावर ती थिजते पण लिबलिबीत, कपातून चमच्याने खायची. याच्या फार वर गेलात तर जिलेटिन नीट जमत नाही आणि खूपच कडक दारूत तर तंतू तंतू होऊन बाहेर पडतं. नेहमीचं प्रमाण म्हणजे एक कप उकळतं पाणी, अर्धा कप थंड पाणी, अर्धा कप व्होडका. सगळीच व्होडका घालायचा हट्ट असेल तर ७ ग्रॅम साधं जिलेटिन जास्तीचं घाला, पण हट्ट कशाला ते मला कळत नाही, चव तर त्याने खराबच होते.

झालेल्या सूपचं काय? त्यात आणखी जिलेटिन घालू नका, तेही कापलं जाईल. गाळा, बर्फावर ओता, मोठ्यांना ग्लासातून द्या आणि परवासाठी नवीन बॅच लावा.

प्रश्न : आमच्या ग्रुपमधले अर्धे शाकाहारी आहेत. जिलेटिनऐवजी चायना ग्रास वापरलं तर दारू चालते का? — अर्धे इकडे अर्धे तिकडे

चालते, पण पद्धत उलटी आहे हे लक्षात ठेवा. जिलेटिन प्राण्यांच्या कातडी-हाडांमधून येतं (डुक्कर, गाय किंवा मासे), म्हणून तुमचा प्रश्न बरोबरच आहे, चायना ग्रास म्हणजे अगार, समुद्री शेवाळातलं. जिलेटिनला उकळी द्यायची नसते, अगारला द्यावीच लागते, दोनेक मिनिटं चांगलं खदखदलं पाहिजे नाहीतर ते विरघळतच नाही. आणि ते ४० अंशांच्या खाली आलं की बघता बघता थिजायला लागतं, म्हणजे तुम्ही फ्रिजमधली गार व्होडका त्यात ओतली की तिथल्या तिथे गुठळ्या! म्हणून दारू आधी रूम टेंपरेचरला आणा, बाटली कोमट पाण्यात उभी केली तर अजून उत्तम, आणि अगार गॅसवरून उतरवून जरा वाफ गेली की ढवळत ढवळत घाला. पावडर असेल तर एकूण एक कप मिश्रणाला सपाट एक चमचा, म्हणजे साधारण २ ग्रॅम.

खाताना फरक कळतो बरं का. जिलेटिन तोंडात वितळतं, ३५ अंशांच्या आसपासच ते पातळ होतं, अगारला त्यासाठी ८५ अंश लागतात त्यामुळे ते वितळत नाही, तुटतं. पण फायदा असा की गरम दिवशी टेबलावर तासभर राहिलं तरी अगारवाल्या वड्या ताठ उभ्या असतात, आणि अगार प्रोटीन नसल्यामुळे ताजा अननस, किवी काहीही घाला. तयार जेलीचं पाकीट घेणार असाल तर घटक वाचा, काही पाकिटं शाकाहारी असतात, काही नसतात, पुढच्या चित्रावरून काही कळत नाही.

प्रश्न : अंड्याच्या आकाराच्या हव्यात. ती दोन भागांत उघडणारी प्लॅस्टिकची ईस्टर एग्ज वापरू का? की खऱ्या अंड्याच्या कवचात भरू? — हौशी

प्लॅस्टिकच्या अंड्यांत नको. ती चॉकलेट-गोळ्या लपवायला केलेली असतात, खाण्याचा पातळ पदार्थ ओतायला नाही, बऱ्याचशांना खाली बारीक भोकं असतात आणि जोडावरूनही गळतं, सगळा फ्रिज चिकट होतो. सिलिकॉनचा अर्ध्या अंड्यांचा साचा घ्या, काम सोपं होतं.

अंडी हातात धरायची म्हणजे जेली घट्ट हवी, त्यामुळे पाकीट विसरा आणि साधं जिलेटिन घ्या. १२० मिली गार ज्यूसवर १४ ग्रॅम जिलेटिन पावडर भुरभुरवा, एका जागी ढीग नको, नाहीतर आतली कोरडी राहते. दहा मिनिटांत ती फुगून ओल्या वाळूसारखी दिसायला लागते. दुसरा १२० मिली ज्यूस दोन-तीन मोठे चमचे साखर घालून चांगला गरम करा, उकळू नका, आणि त्यावर ओतून ढवळत राहा. इथे घाई करू नका, चमचा बाहेर काढून मागची बाजू उजेडात धरा, बारीक पारदर्शक दाणे दिसले तर अजून विरघळलं नाही, चमचा गुळगुळीत दिसला की झालं. मग बोट घातलं तर चटका बसणार नाही इतकं कोमट होऊ द्या आणि त्यानंतरच १२० मिली व्होडका, कारण अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं आणि त्याच्या कितीतरी आधीपासून वाफ होऊन जायला लागतं, गरम भांड्यात ओतलंत की वास स्वयंपाकघरात आणि जेलीत कमी.

साच्याला बिनवासाच्या तेलाचं बोट फिरवा, अगदी नावापुरतं, चार तास फ्रिज. काढताना साच्याचा तळ पाच सेकंद कोमट पाण्यात टेकवून कडा बोटाने सोडवा. दोन अर्धी जोडायची असतील तर सपाट बाजूंना कोमट जिलेटिनचा हात लावून चिकटवा आणि परत फ्रिजमध्ये ठेवा.

खऱ्या कवचाचं दिसतं सुंदर, सोलून खायची गंमत असते, पण खटाटोप फार. अंड्याला भोक पाडून आतलं रिकामं करायचं, धुवून कवच काही मिनिटं पाण्यात उकळायचं (साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू कवचावरही असू शकतो, ही पायरी गाळायची नाही), वाळवायचं, गळणारं भोक बंद करायचं, अंड्यांच्या ट्रेमध्ये उभं करून फनेलने भरायचं. सहा लोकांसाठी करा, तीस लोकांसाठी करायला बसलात तर पार्टीला तुम्हीच झोपलेले असाल.

प्रश्न : फिकट पिवळा, गुलाबी, मिंट असे ईस्टरचे रंग हवेत आणि थर पण हवेत. माझे थर एकमेकांत मिसळून चिखल होतो. — रंगीबेरंगी

खालचा थर अर्धवट जमलेला हवा, बोट लावलं तर चिकटेल पण खड्डा पडणार नाही असा, पूर्ण कडक झाला तर वरचा धरत नाही आणि खाताना घसरून वेगळा होतो. वरचा थर कोमटाहून गार हवा. चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून हळू सोडा. फिकट रंगांसाठी थोडं कंडेन्स्ड मिल्क घाला, गडद पाकिटाचा रंगही लगेच मवाळ होतो, फक्त लिंबाच्या किंवा फार आंबट ज्यूसच्या थरात दूध नको, फुटतं. व्होडकाऐवजी त्या थरात आयरिश क्रीम लिकर घातलं तर १७ टक्केच असल्यामुळे थरही छान जमतो.

प्रश्न : माणशी किती धरायच्या? — हिशोबी

नेहमीचं प्रमाण घ्या, अर्धा कप म्हणजे १२० मिली व्होडका, एकूण मिश्रण ४८० मिली. ३० मिलीचे सोळा कप होतात, प्रत्येकात ३ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात अडीच ग्रॅमच्या जरा आत. अमेरिकेत एक स्टँडर्ड ड्रिंक १४ ग्रॅमचं मोजतात, म्हणजे सहा कप खाल्ले की एक ड्रिंक. सूपवालीच्या कृतीत मात्र तीनच कपांत तेवढं होतं, आणि खाणाऱ्याला चवीवरून दोन्हींतला फरक सांगता येईल याची खात्री नाही. खरा प्रश्न हाच आहे, गोड आणि गार असलं की दारू कळत नाही, ग्लास रिकामा होताना दिसतो तसं इथे काही दिसत नाही, आणि माणूस गप्पा मारता मारता उचलत राहतो. हे काही आजचं नाही, जेरी थॉमस नावाच्या अमेरिकन बारटेंडरने १८६२ मध्ये पंच (दारूत लिंबू-साखर वगैरे मिसळून केलेलं पेय) जेलीची कृती छापली तेव्हाच त्याने खाली इशारा दिला होता की जिलेटिनमुळे पंचचा कडकपणा असा काही लपतो की लोक भरपूर खातात आणि जेवणानंतर नाचायच्या अवस्थेत राहत नाहीत.

माझं मत, माणशी चार कप धरा, बाजूला खाणं भरपूर ठेवा, रिकामे कप टेबलावरच राहू द्या म्हणजे ज्याचा त्याला हिशोब दिसतो. ट्रेसमोर चिठ्ठी लावा, कोणती दारू आणि किती टक्के. गाडी चालवणारे, गरोदर, औषधं चालू असणारे, यांच्यासाठी बिनदारूची वेगळी बॅच.

प्रश्न : मुलंही येणार आहेत, अंडी शोधायचा खेळ आहे. मोठ्यांच्या जेलीला वेगळा रंग दिला तर पुरे ना? — आई

नाही, पुरे नाही, आणि हे मी जरा जोरातच सांगते. सकाळपासून मुलांना आपणच सांगतो की रंगीत अंडं दिसलं की उचल, ते तुझं, आणि मग दुपारी तसंच रंगीत अंडं टेबलावर ठेवून म्हणायचं की हे मात्र नाही? चार वर्षांच्या मुलाला हिरवं दारूचं आणि गुलाबी साधं हे लक्षात राहत नाही, आणि कुणीतरी मोठं माणूसच चुकून देऊन टाकतं. लहान शरीराला थोडी दारूही जड जाते, रक्तातली साखर धोकादायक खाली येऊ शकते. मुलाने खाल्लं असेल आणि ते पेंगुळलेलं, अडखळणारं किंवा उलट्या करणारं दिसलं तर झोपून उतरेल म्हणत थांबायचं नाही, लगेच डॉक्टर.

मुलं असतील तिथे अंड्याचा आकार मुलांना द्या, त्यांची जेली ज्यूसची करा, आणि मोठ्यांची झाकणवाल्या छोट्या कपांत, एकाच फिकट रंगाची, वर काही सजावट नाही. ते कप मुलं गेल्यावर किंवा झोपल्यावरच बाहेर काढा. हौशीताई, तुमच्याकडे मुलं येणार असतील तर तुमच्या वरच्या उत्तरालाही हेच लागू.

प्रश्न : किती दिवस आधी करता येतील, आणि फ्रीझरमध्ये ठेवल्या तर लवकर सेट होतील का? — घाईत

आदल्या दिवशी करा, दोन दिवस आधीही चालतं, पण झाकून ठेवा, नाहीतर वरचा पापुद्रा चिवट होतो आणि फ्रिजमधले सगळे वास ओढले जातात. फ्रीझर नको. बर्फाचे कण जाळं फाडतात आणि बाहेर काढल्यावर जेली पाणी सोडते. अगदीच घाई असेल तर मिश्रणाचं भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळा, कडेला दाटसर वाटायला लागलं की कपांत ओता आणि फ्रिजमध्ये सरकवा, बराच वेळ वाचतो.