खोचक, कुचेष्टा की टोमणा? आणि 'दिलगीर आहोत' म्हणजे माफी का?

प्रश्न थोडक्यात असा. एका खाणावळीने दाराशी पाटी लावली: 'घरच्यासारखं जेवण इथे मिळत नाही. चांगलं मिळतं.' फोटो फिरला. हा घरी राबणाऱ्या बायकांचा अपमान आहे, पाटी आक्षेपार्ह आहे, असं एक बाजू म्हणू लागली. मालक म्हणतात, पाटी फक्त खोचक आहे, पुण्यात असं चालतंच. दोन दिवसांनी खाली कागद चिकटला: 'कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत.' विचारणाऱ्याला दोन गोष्टी हव्या आहेत: 'खोचक' आणि 'कुचेष्टा' यांतली रेघ कुठे, आणि तो कागद ही माफी झाली का.

आधी 'खोचक'. खोचणं दोन तऱ्हांनी येतं. पदर खोचतात, केसांत फूल खोचतात, म्हणजे दुमडून आत बसवतात. काटाही खोचतो आणि एखादं बोलणं मनाला खोचतं. खोचक वाक्यात दोन्ही असतं: टोक आहे, पण ते आत खोचलेलं असतं. टोक उघडंच ठेवलं तर ते 'बोचरं'. शालीत गुंडाळून हाणलं तर 'शालजोडीतलं', आणि ते फक्त मोठ्या माणसाला द्यायचं असतं. गुंडाळण्याचा खटाटोप त्याच्या मानासाठी आहे, म्हणून शेजारच्या पोराला कुणी शालजोडीतले देत नाही.

बाकीच्या शब्दांत खरा अर्थ क्रियापद सांगतं. चिमटा काढतात, कोपरखळी मारतात. दोन्हीला माणूस हाताच्या अंतरावर लागतो आणि ओळखीचा लागतो. अनोळखी माणसाला बसमध्ये कोपर मारून पाहा. पाटी कुणाच्याच शेजारी बसलेली नसते, म्हणून 'ही आमची गमतीची कोपरखळी होती' हा दुकानदारांचा आवडता बचाव शब्दाच्या पातळीवरच लंगडा आहे. खिल्ली आणि टर मात्र उडवतात. उडवलेली गोष्ट चार लोकांना दिसते, आणि ज्याची उडवली तो तिथे असायची गरज नाही. पाटीची जात या दुसऱ्या गटाशी जुळते.

'चेष्टा' हा शब्द संस्कृतात हालचाल, कृती या अर्थाचा. हिंदीत तो 'प्रयत्न' झाला, मराठीत थट्टा झाला. त्याला 'कु' लागला की नुसती वाईट थट्टा होत नाही. कुचेष्टेत माणसाचं उणं धरलेलं असतं: रंग, व्यंग, बोलण्याची ढब, गरिबी, जात. 'त्याच्या उशिरा येण्याची कुचेष्टा केली' हे कानाला खटकतं, 'त्याच्या तोतरेपणाची कुचेष्टा केली' हे खटकत नाही. उशिरा येणं उद्या सोडता येतं, तोतरेपणा सोडता येत नाही.

म्हणून पाट्या पारखायला एक व्याकरणाची कसोटी पुरते. निशाण्यावर क्रियापद आहे की नाम? 'आज रोख, उद्या उधार' या सगळ्या महाराष्ट्रात लटकणाऱ्या पाटीत निशाणा उधार मागण्याच्या कृतीवर आहे, आणि तिची सगळी करामत 'उद्या' या शब्दात आहे, कारण पाटी रोज तीच राहते. 'सुटे पैसे नसल्यास वाद घालू नये', 'पत्ता विचारण्यापूर्वी खाली उतरावे' या वळणाच्या पाट्याही अशाच. '-ल्यास' आणि '-ऊ नये' ही सरकारी थाटाची रूपं कर्ता गायब करतात. वाचणारा मनात म्हणतो, मी तसं करतच नाही, आणि हसून पुढे जातो. त्या जागी 'अमुक गावचे लोक', 'जाड गिऱ्हाइकं', 'बायका' असं नाम बसवा. आता निसटायला वाट नाही. इथे खोचकपणा संपतो.

(जाता जाता: 'आमची कोठेही शाखा नाही' हा मुळात विनोदच नव्हता, नावाची नक्कल करणाऱ्यांपासून गिऱ्हाइकाला सावध करणारी साधी सूचना होती. हसू वाचणाऱ्यांनी भरलं.)

आता खाणावळीची पाटी. वरवर पाहता ती कसोटीला उतरते, कारण तिच्यात कुणाचंच नाव नाही. पण 'घरच्यासारखं' हा शब्द जवळून बघा. 'घरचं जेवण' यात जेवण आहे, घर आहे, रांधणारा हात मात्र दिसत नाही. 'आईच्या हातचं' म्हटलं की तो लगेच दिसतो, आणि 'आईच्या हातच्यासारखं इथे मिळत नाही, चांगलं मिळतं' अशी पाटी लावायची मालकाची छाती झाली नसती. मराठीत 'घर' या शब्दाआड बाईला उभं करायची सवय जुनी आहे: 'आमच्या घरातून निरोप आहे', 'घरची मंडळी'. आक्षेप घेणाऱ्यांच्या कानाने तो हात बरोबर ऐकला.

तरी ही कुचेष्टा नव्हे. कुणाचं व्यंग धरलेलं नाही, कुणाला लोकांसमोर उभं करून हसलेलं नाही. नेमका शब्द 'टोमणा'. टोमण्यात बोलायचं एकाला आणि लागायचं दुसऱ्याला: लेकी बोले सुने लागे. पाटी बोलते गिऱ्हाइकाशी, लागते गिऱ्हाइकाच्या घरी बसलेल्या माणसाला. मालकांनी 'खोचक' म्हणून आणि विरोधकांनी 'अपमान' म्हणून जे ताणलं, त्याच्या मधोमध हा घरगुती शब्द पडून होता. विनोद राखून त्यातला टोमणा काढून टाकायचा असेल तर दुसरं वाक्य बदलावं: 'घरच्यासारखं जेवण इथे मिळत नाही. पैसे पडतात.' आता निशाण्यावर खुद्द दुकान आलं.

कधी कधी मात्र निशाणा कुणावरच नसतो आणि तरी वाद होतो. अमूलच्या लोण्याच्या फलकावर गणेशोत्सवात 'गणपती बाप्पा मोर घ्या' असा श्लेष आला होता, 'मोरया'त इंग्रजी 'मोर' आणि मराठी 'घ्या' बसवलेला. त्याला शिवसेनेकडून विरोध झाल्याचं जाहिरातकार सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांनीच सांगितलं आहे. इथे चेष्टा कुणाची? कुणाचीच नाही. हरकत होती ती विनोदासाठी घेतलेल्या कच्च्या मालाला, म्हणजे घोषणेला. अशा वेळी 'अपमान', 'कुचेष्टा' हे शब्द चुकतात. 'औचित्यभंग' म्हणावं, किंवा साधं 'अप्रस्तुत'.

'आक्षेपार्ह' म्हणजे आक्षेप घेण्याजोगं, बस. तेवढ्याने अपमान सिद्ध होत नाही. 'अपमानास्पद' मधलं 'आस्पद' म्हणजे स्थान. तिथे अपमान प्रत्यक्ष वसतो असा दावा आहे, तो जास्त जड आहे. बातम्यांत दोन्ही सरसकट वापरतात. तीच गत 'भावना दुखावल्या'ची. कायद्यात (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २९९, पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं २९५-अ) धार्मिक भावना हव्यात आणि जाणूनबुजून, दुष्ट हेतूने केलेलं कृत्य हवं. बोलण्यातल्या 'भावना दुखावल्या'ला यातलं काहीच लागत नाही.

शेवटी तो कागद. 'दिलगीर' हा फारसी शब्द, दिल म्हणजे मन, मन धरून आलेला, खिन्न. 'दिलगीर आहोत' म्हणजे आम्हाला वाईट वाटतंय. दिलगिरी 'व्यक्त' करतात, माफी 'मागतात'. मागितलेली गोष्ट समोरचा नाकारू शकतो, व्यक्त केलेली नाकारायचा प्रश्नच येत नाही. म्हणून कचेऱ्यांना आणि कंपन्यांना दिलगिरी प्रिय. त्यातून 'दुखावल्या असल्यास' मधला '-ल्यास' म्हणजे अट: दुखावल्या नसतील तर आम्ही दिलगीरही नाही. 'कोणाच्या' ने उरलेला पत्ताही पुसला. म्हणजे ही माफी नव्हे. माफी हवी असेल तर '-ल्यास'चा '-ल्याबद्दल' करावा, कृती आपल्याकडे घ्यावी आणि पत्ता लिहावा: 'आम्ही लावलेल्या पाटीमुळे घरी स्वयंपाक करणाऱ्यांचा अवमान झाल्याबद्दल माफी मागतो.' दहा शब्द आहेत, कागदावर मावतात.

आणि लिहिताना: 'दिलगीर' मध्ये गी दीर्घ, पण 'दिलगिरी' मध्ये गि ऱ्हस्व, जसं गरीब–गरिबी. 'दिलगिरी आहोत' चूक. 'आक्षेपार्य' नव्हे, आक्षेपार्ह. 'कुचेष्ठा' नव्हे, कुचेष्टा. 'आम्ही क्षमस्व आहोत' हे तर जागोजागी दिसतं. 'क्षमस्व' हे संस्कृत आज्ञार्थी रूप आहे, 'तू क्षमा कर' असं. त्याला 'आहोत' जोडलं की 'आम्ही क्षमा कर आहोत' होतं. 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' एवढंच लिहावं.