महिनाभराच्या वाचनाचा आढावा घेताना
पहिल्याच महिन्यात मनाला उभारी देणाऱ्या कादंबऱ्या आपण नेमाने वाचल्यात, याचे मनापासून कौतुक वाटते. आता आढावा लिहिताना पुस्तकांची संख्या मोजू नका आणि कथानकाचा सारांशही देऊ नका. नवखे वाचक हमखास तिथेच अडकतात. त्याऐवजी कोणत्या प्रसंगाने जीव निवांत झाला, तेवढे तारखेसह टिपा. माझ्या जुन्या वहीत एका ठिकाणी ‘चुलीजवळची आजी, रात्री साडेअकरा, शांत झोप’ एवढीच नोंद आहे, पण तेवढ्यावरून ते सारे पुस्तक आजही डोळ्यांसमोर उभे राहते.

संथ, मायाळू भाषा म्हणजे सुखान्त, असेही गृहीत धरू नका : १९५५ साली आलेल्या व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ या कादंबरीत माणसांविषयी अपार जिव्हाळा आहे, तरी शेवटी दुष्काळाने गाव ओस पडते. मन हळवे असेल, तर शेवट आधी विचारून घ्यावा. पुन्हा वाचलेले पुस्तकही नोंदीत अवश्य धरा.