पंधरा दिवसांपूर्वीच्या सासूबाई कागदावर लिहून काढा

ताई, ८४ वर्षांच्या सासूबाई न्यूमोनियाने दाखल आहेत, बारावा दिवस आहे, ताप उतरलाय. पण त्या उभ्या राहत नाहीत, रात्री बरळतात, घरच्यांना ओळखत नाहीत. डॉक्टर घरी न्या म्हणतात आणि तुम्ही विचारताय, जरा ताकद येईपर्यंत अजून आठवडाभर तिथंच ठेवू का? मी फिजिओथेरपिस्ट आहे. बरीच वर्षं वृद्धांच्या वॉर्डात होते, आता घरोघरी जाते. माझं मत स्पष्ट सांगते: ताकद यावी म्हणून ठेवू नका. आणि आहेत तशाच उचलूनही आणू नका.

पलंगावर पडून ताकद येत नाही, जाते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धडधाकट वयस्कर माणसांना दहा दिवस नुसतं झोपवून ठेवलं होतं. आजार नाही, ताप नाही, तरी दोन्ही पायांतले मिळून जवळपास १ किलो स्नायू गेले. सासूबाईंचे तर बारा दिवस झालेत, तेही तापात आणि अन्न नीट पोटात जात नसताना. त्यांच्या शरीरात आधीच शिल्लक थोडी असणार. डॉक्टर ज्याला 'फ्रेल' म्हणतात ते हेच. वर्षभरात आपोआप घटलेलं वजन, सततचा थकवा, हाताची सैल पकड, मंदावलेली चाल, कमी झालेली हालचाल, या पाचांतल्या तीन गोष्टी असल्या तर तो फ्रेल माणूस, अशी व्याख्या २००१ साली लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी मांडली. दाखल व्हायच्या आधी सासूबाईंत यातलं काय काय होतं, आठवून बघा.

आणि हेच आठवणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आमच्या वॉर्डात एक आजोबा आले होते. कोणीतरी केसपेपरवर 'पूर्वीपासून अंथरुणावर' असं लिहून टाकलं. चार दिवस आम्ही त्यांना कुशीवर वळवत राहिलो, मीही उभं करून बघितलं नाही. पाचव्या दिवशी मुलगा आला आणि म्हणाला, अहो, गेल्या आठवड्यात ते जिना उतरून फिरायला जात होते. त्या एका वाक्याने सगळे उपचार बदलले, पण चार दिवस गेले ते गेलेच. त्याची खंत मला अजून आहे.

म्हणून आज रात्रीच एक कागद घ्या आणि पंधरा दिवसांपूर्वीच्या सासूबाई त्यावर लिहून काढा. संडासला एकट्या जात होत्या का? काठीने की भिंत धरून? अंघोळ, कपडे कोण करत होतं? दिवस-वार लक्षात राहत होता का? वर्षभरात कितीदा पडल्या? चष्मा, कानाचं मशीन, कवळी आहे का, आणि ते आत्ता पलंगाजवळ आहे की घरी राहिलंय? राउंडला हा कागद डॉक्टरांच्या हातात द्या. सिस्टर आणि फिजिओलाही एकेक प्रत द्या.

'या वयात असंच व्हायचं' हे उत्तर घेऊ नका. अचानक आलेला, दिवसातून कमीजास्त होणारा गोंधळ हा डिलिरिअम असू शकतो आणि त्यामागे बहुतेकदा कारण सापडतं: तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, दुखणं, पाणी कमी पडणं, झोपेचं किंवा दुसरं एखादं औषध, पुन्हा डोकं वर काढलेला जंतुसंसर्ग. नुसत्या गुंगीत पडून राहणाऱ्या रुग्णात तर तो कोणाच्या लक्षातही येत नाही. १९९९ साली शेरॉन इनुये यांच्या गटाने दाखवलं की रोज चालवणं, चष्मा-मशीन लावणं, पाणी पाजणं, रात्री झोपमोड न करणं एवढ्यानं डिलिरिअमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर येतं. फायदा झाला तो मात्र टाळण्यात. एकदा सुरू झालेल्या डिलिरिअमची तीव्रता त्याने कमी झाली नाही. त्यामुळे आता कारण शोधायला सांगा, आणि हेही सगळं करत राहा.

घरी आणण्याआधी वृद्धांच्या तज्ज्ञांकडून सर्वांगीण तपासणी होऊ शकते का, विचारा. नुसती छाती नव्हे. औषधं, चाल, मन, पोषण, घरची परिस्थिती, सगळं एकत्र बघून आखणी करायची. ही पद्धत ब्रिटिश डॉक्टर मार्जरी वॉरन यांच्यापासून आली. १९३५ पासून लंडनमध्ये त्यांनी 'कायमचे अंथरुणावरचे' ठरवलेल्या वृद्धांना एकेक करून तपासलं आणि त्यांतले बरेच उठून घरी गेले. २०१७ साली यावरचे २९ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही, अशी तपासणी झालेले लोक पुढे स्वतःच्या घरी असण्याची शक्यता जास्त दिसली.

तज्ज्ञ नसले तर निदान एवढं करून घ्या. झोपून आणि उभं करून बीपी बघायला सांगा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने उतरला तर घरी पहिल्याच रात्री पडण्याचा धोका असतो. औषधांपैकी नवी कोणती, बंद कोणती, कधीपर्यंत, हे लिहून घ्या. पलंगावरून खुर्चीत कसं बसवायचं ते फिजिओने तुमच्याकडून करून घ्यायला हवं, नुसतं दाखवून उपयोग नाही. आणि तिसऱ्या दिवशी काही बिनसलं तर फोन कोणाला करायचा?

घरी आल्यावर पहिले दोन आठवडे निर्णायक. नर्स आणि फिजिओ घरी येण्याची सोय डिस्चार्जच्या आधी पक्की करा, नंतर शोधायला गेलात तर आठवडा तिथंच जातो. दिवसा खुर्चीत बसवा, दर थोड्या वेळाने आधाराने उठवा. प्रेमापोटी घास भरवू नका, हात चालतोय तर त्यांनाच जेवू द्या. सावकाश होईल, होऊ द्या.

त्यांना उठवायला दोन माणसं लागत असतील आणि घरात तुम्ही एकट्याच असाल, तर मात्र घराचा हट्ट नको. काही आठवडे पुनर्वसन केंद्रात ठेवणं म्हणजे टाकून देणं नव्हे.

लघवीची नळी अजून आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर सकाळच्या राउंडला पहिला प्रश्न तोच विचारा: कशासाठी ठेवलीय आणि आज काढता येईल का?