“माझ्या हातचं आता विष झालं का हिला?”

माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एका आईंनी खुर्चीत टेकता टेकताच हे विचारलं, आणि मग बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिल्या. कोल्हापुरातलं घर, वय पन्नाशीच्या पुढे. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि मायलेकींनी होकार दिल्यावरच हे लिहिते आहे.)

लेक चोवीस वर्षांची. कंपनी पुण्यातली, काम घरून. आठ महिन्यांपूर्वी तिनं मटण, अंडी, दूध, दही, तूप, मध सगळं सोडलं. मैत्रिणीनं वाढदिवसाला व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच नसलेल्या पाककृतींचं एक जाडजूड परदेशी पुस्तक दिलं होतं. रोज संध्याकाळी लॅपटॉप मिटला की ते पुस्तक ओट्यावर उघडं पडायचं. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध वडिलांच्या बोटाला धरून पिऊन आलेली ही पोरगी आता चहासुद्धा कोरा पिते, हे सांगताना आईचा आवाज कापत होता. “दुधातुपात वाढवलं हो हिला.”

मुलं व्हीगन झाली म्हणून घाबरलेले आईवडील अलीकडे माझ्याकडे वरचेवर येतात. प्रश्न साधारण तोच असतो: हिची तब्येत ढासळेल का, हे खूळ जाईल कधी, आणि आम्ही काय करायचं?

तब्येतीचं मी आधी बघते, कारण ‘व्हीगन’ या शब्दाआड कधीकधी खाण्याचा आजार लपलेला असतो. त्यामुळे लेकीला एकटीला बोलावून विचारलं. वजन उतरलंय का, पाळी नियमित आहे का, चारचौघांत जेवायचं टाळतेस का, खाल्ल्यावर अपराधी वाटतं का, पदार्थांची यादी दर महिन्याला आखडत चाललीय का? नुसती स्वयंपाकाची आवड बघून मी निर्धास्त होत नाही. खाण्याच्या आजारात माणसं दुसऱ्यांसाठी तासन्‌तास रांधतात आणि स्वतः घास घेत नाहीत, हे मी पाहिलंय. ही मात्र दोन वाट्या भात चापून खात होती, पाळी वेळेवर होती, आणि पुस्तकातला नवा पदार्थ जमला की आधी वडिलांना चव द्यायची. माझी ती काळजी मिटली. यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर खटकलं, तर मात्र घरात वाद घालत न बसता डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ गाठावेत.

मग भांडण कशाचं होतं? एका वाटीभर आमटीचं.

आईनं एका रात्री लेकीच्या आमटीला तुपाची फोडणी दिली होती. न सांगता. “चमचाभर तुपानं काय होतंय? अंगाला लागेल म्हणून घातलं.” पहिल्याच घासाला लेकीला वास आला. त्या दिवसापासून तिनं आईनं वाढलेलं काहीही खायचं बंद केलं, साधी भाकरीसुद्धा. ‘विष’ हा शब्द तिथून आला होता.

आईची माया खरी होती, तरी मी त्यांना स्पष्ट सांगितलं की हे पुन्हा कधीही करायचं नाही. लपवून घातलेलं तूप अंगाला लागत नाही, ते विश्वासाला लागतं. मुलांशी वाद घाला, रुसा, रडा, पण त्यांच्या ताटात त्यांच्या नकळत काही मिसळू नका. एवढं एक पथ्य पाळलं, तरी बरीच घरं सावरतील.

यानंतर माझी चूक झाली. मी दोघींना ओट्याचं वेळापत्रक करून दिलं. सात ते आठ लेकीचा गॅस, आठनंतर आईचा. कप्पे वेगळे, तवा वेगळा. आठ दिवसांनी दोघी परत आल्या त्या आणखी गप्प होऊन. एका घराच्या मी दोन खाणावळी करून ठेवल्या होत्या. वेळ वाटून देऊन दोघींचं एकमेकींना खाऊ घालणंच मी तोडलं होतं, आणि दुखणं तर नेमकं तिथेच होतं. पुढच्या वेळी लेकीला म्हटलं, “येताना ते पुस्तक घेऊन ये.”

पुस्तकाची पानं हळदीनं पिवळी पडलेली, दोन पानं टोमॅटोच्या रसानं चिकटलेली. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात नोंदी. आई आधी लांबूनच बघत होत्या. मसुराच्या कुठल्याशा परदेशी रश्श्याचं पान उघडलं तेव्हा चष्मा लावून पुढे वाकल्या. तिथे लिहिलं होतं: ‘हा तर आपला आख्खा मसूर! आईची चटणी २ चमचे.’

चटणी म्हणजे आमच्याकडची कांदा-लसूण चटणी. उन्हाळ्यात वर्षाची करून बरणीत भरतात ती.

खोलीत शांतता. आता डोळे भरून येतील असं मला वाटलं. पण त्या म्हणाल्या, “चटणी कधी घातलीस? वरनं?”

“हो, शेवटी.”

“म्हणून कच्ची लागली असंल. तेलात कांद्याबरोबर परतायची असती. आणि लसूण ठेचलास का चिरलास?”

“चिरला.”

“ठेचायचा.”

सहा आठवड्यांत दोघींचं एवढं सलग बोलणं पहिल्यांदाच झालं होतं. मी मध्ये एक शब्दही बोलले नाही. पुढची वीस मिनिटं पुस्तक टेबलावर आडवं करून त्या एकेक पान उलटत होत्या. मोठ्या वांग्याचं वाटण बघून “हे भरीतच की”. टोफूच्या फोटोवर बोट ठेवून “हे पनीर नव्हे ना?” सोयाबीनच्या दुधाचं असतं म्हटल्यावर “बरं, करून बघू.”

‘हे परदेशी खूळ’ हे त्यांचं पालुपद होतं. ‘व्हीगन’ हा शब्द परदेशी आहे खराच. १९४४ मध्ये इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी तो रूढ केला. पण त्या दिवशी मी त्यांना घरातले दूध-तूप नसलेले पदार्थ मोजायला लावले. झुणका, भाकरी, खर्डा, जवसाची चटणी, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं... दोन्ही हातांची बोटं संपली. आणखी एक राग निघाला. त्यांनी मुद्दाम हिरवा ठिपका बघून आणलेली बिस्किटं लेकीनं बाजूला सारली होती. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि त्यात दूध चालतं, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, वेगळे नियम आणि वेगळं चिन्ह आणलं ते २०२२ मध्ये.

सोडण्याचं कारण आईनं कधी विचारलंच नव्हतं. लेकीनं एका गोठ्यात नुकतं जन्मलेलं रेडकू म्हशीपासून लांब बांधलेलं पाहिलं होतं आणि ते रात्रभर ओरडत होतं. आई ऐकून गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, “आमच्या माहेरी आधी रेडकाला सोडायचे. म्हैस पान्हवली की मग धार. दोन सडं त्याची, दोन आपली.” लेकीनं हे कधी ऐकलं नव्हतं. मत कुणाचंच बदललं नाही, पण एकमेकींकडे बघायला लागल्या.

एका बाबतीत मात्र मी लेकीच्या बाजूनं उभी राहिले नाही. पुस्तकात बी-१२ या जीवनसत्त्वाबद्दल कोपऱ्यात दोन ओळी होत्या आणि तिनं त्या सोडून दिल्या होत्या. पालक खा, मोड आलेली कडधान्यं खा, बी-१२ त्यातून मिळत नाही. रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमच, पण ती भागली नाही तर हातापायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा, पुढे मज्जातंतूंना इजा. व्हीगन माणसानं डॉक्टरांच्या सल्ल्यानं गोळी घ्यायचीच, इथे तत्त्वाचा वाद नाही. आईलाही तपासणी करायला सांगितली. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायका तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक जणींचं बी-१२ कमी भरलं होतं, आणि त्या काही व्हीगन नव्हत्या. अहवाल आले. दोघींचंही कमी. आता गोळीचं पाकीट एकच, फ्रिजवर.

सगळं सुरळीत झालंय असं नाही. रविवारी घरात मटण शिजतं, तेव्हा लेक माडीवर जाऊन बसते. तांबडा रस्सा उकळताना खिडकी उघडी ठेवायची, एवढ्यावर तडजोड झालीय. लग्नाचा विषय निघाला की आईच्या पोटात अजून गोळा येतो.

होळीनंतर त्यांचा फोन आला. “पुरणाच्या पोळीवर तूप न घालता वाढायचं म्हणजे हात अडतो बघा मॅडम. वाटीत दूधही नाही. काय वाढू म्हणून उभीच राहिले.”

“मग?”

“तीच म्हणाली, येळवणी (कटाची आमटी) दे की. पोळी कुस्करून येळवणीत भिजवली आणि तीन पोळ्या खाल्ल्या.” जरा थांबून म्हणाल्या, “तीन.”