निळ्याच्या पाच छटा, पण क्रम कसला?

तुमचा प्रश्न असा : चालत, सायकल, बस, रेल्वे, कार या पाच प्रवासप्रकारांना फिक्यापासून गडदपर्यंत निळ्याच्या पाच छटा दिल्या, आलेखातले एकावर एक रचलेले स्तंभ छान दिसतायत, मग तपासणाऱ्याने 'रंगसंगती चुकीची' असा शेरा का मारला? शेरा बरोबर आहे. आलेख छान दिसतो हेही खरं, म्हणूनच ही चूक पटकन लक्षात येत नाही.

पांढऱ्या कागदावर गडद दिसलं की डोळा त्याला 'जास्त' समजतो. फ्रेंच नकाशातज्ज्ञ झाक बेर्तँ यांनी १९६७ मध्येच हा फरक मांडला होता : फिका-गडदपणात क्रम असतो, लाल, हिरवा, निळा यांच्यात तो नसतो. तुमच्याकडे चालणारे सर्वांत फिके आणि कार सर्वांत गडद. कोणता रंग कशाचा हे सांगणारी सूची बघायच्या आधीच वाचणारा विचारात पडतो, कार म्हणजे कशाचं टोक? खर्चाचं? प्रदूषणाचं? तुम्ही यातलं काहीच म्हटलेलं नाही, रंग परस्पर बोलून गेले. शिवाय शेजारी गडद तुकडा आला की तीच छटा आणखी फिकी भासते. तिसरी कुठली आणि चौथी कुठली, हे शोधत माणूस सूची आणि स्तंभ यांच्यात हेलपाटे घालतो.

बऱ्याचदा हे आपण निवडलेलंही नसतं. आर या संगणकभाषेतल्या जीजीप्लॉट या आलेख काढायच्या साधनात ब्रूअरची (तयार रंगपट्ट्यांच्या एका संचातली) रंगपट्टी मागितली आणि तिचं नाव दिलं नाही, की 'ब्लूज' ही चढती, म्हणजे फिक्यापासून गडद होत जाणारी निळी पट्टीच मिळते. तुमचं बहुधा तेच झालंय. माझी फजिती सीबॉर्न या पायथनमधल्या आलेख-साधनात झाली होती. गटांना ० ते ४ असे क्रमांक होते. सीबॉर्नला वाटलं ही मोजमापं, आणि त्याने फिक्या गुलाबीपासून गडद जांभळ्यापर्यंत ठिपके रंगवले. बैठकीत पहिलाच प्रश्न आला, "चौथा गट एवढा तीव्र का?" चार हे नुसतं नाव होतं! माहितीच्या तक्त्यातला क्रमांकांचा रकाना आधी मजकुरात किंवा कॅटेगरीत बदलायचा, आरमध्ये त्याचा फॅक्टर (म्हणजे प्रकारांची यादी) करायचा, की हे टळतं.

तुम्ही पट्टीचं नाव 'सेट२' किंवा 'डार्क२' द्या, या ब्रूअरच्याच वेगवेगळ्या रंगांच्या, क्रम नसलेल्या पट्ट्या. दोन्हींत आठ-आठ रंग आहेत. रंगांधळेपणाचा विचार करायचा तर रंगांधळ्यांनाही वेगळे ओळखू येतील अशा रंगांची ओकाबे-इतो पट्टी घ्या, आर ४.० पासून ती आयतीच मिळते. आठाच्या वर प्रकार गेले तर नवे रंग शोधत बसू नका, किरकोळ प्रकार 'इतर'मध्ये ढकला.

आता यावरून चढत्या छटा कायमच्या बाद करू नका. वयोगट, शिक्षणाची पातळी, आजाराचा टप्पा हेही प्रकारच, पण त्यांना क्रम आहे. तिथे निळ्याच्या छटाच शोभतात. 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत' असेल तर मध्ये फिकी आणि दोन्ही टोकांना वेगळ्या रंगाने गडद होणारी पट्टी घ्या. शंका आली तर मनातल्या मनात प्रकारांची अदलाबदल करून बघा. बस आणि सायकल उलटसुलट केल्याने कुणाचं काही बिघडत नाही. 'पदवी' आणि 'प्राथमिक' करून बघा, लगेच खटकेल.

आणि अहवाल काळ्या-पांढऱ्यात छापणार असाल तर सांभाळा : 'सेट२'चे रंग तिथे जवळजवळ एकाच राखाडीत मिसळतात. अशा वेळी सूची काढून टाका आणि 'बस', 'रेल्वे' ही नावं थेट तुकड्यांवरच लिहा.