पहिली ब्रा वाढत्या अंगाची घेऊ नका

तुम्ही लिहिलंय की मुलगी दहा वर्षांची आहे, तिची आई कामासाठी काही महिने परगावी आहे, आणि गेल्या आठवड्यात मुलगी म्हणाली, "बाबा, इथे गाठ आलीय आणि दुखतंय." तुमच्या पोटात गोळा आला, मग उलगडा झाला. आता ब्रा लगेच घ्यायची का, कोणती आणि कुठल्या मापाची, असा तुमचा प्रश्न आहे. मी दोन मुलींची आई. थोरलीच्या वेळी बहुतेक सगळं चुकलं, धाकटीच्या वेळी बरंच जमलं, तेव्हा दोन्हींतलं सांगते.

आधी गाठीचं बघू, कारण ती धास्ती डोक्यात असेल तर पुढचं काही शिरणार नाही. वाढ सुरू होते तीच अशी. स्तनाग्राच्या मागे शर्टाच्या बटणाएवढी टणक, हुळहुळी गाठ लागते. साधारण ८ ते १३ वर्षांच्या दरम्यान कधीही. बऱ्याचदा एकाच बाजूला आधी येते आणि दुसरी बाजू काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी मागून येते. त्या मधल्या काळात मुलीला वाटतं आपलं काहीतरी बिघडलंय, म्हणून हे तिला आधीच सांगून टाका. दप्तर आपटलं, कुणाचं कोपर लागलं, पालथं झोपलं की कळ येते. तेही नेहमीचंच. डॉक्टरांना दाखवायचं ते आठव्या वर्षाच्या आत हे सुरू झालं तर, तेरा पूर्ण होऊनही काहीच चिन्ह नसेल तर, किंवा जागा लाल, गरम होऊन ताप आला किंवा स्तनाग्रातून स्राव आला तर. आणि जाता जाता, ही गाठ आल्यापासून पाळी यायला साधारण दोन ते अडीच वर्षं लागतात, काहींना कमी. म्हणजे त्या विषयाची तयारीही आता फार लांबची नाही.

ब्रा लगेच घ्यायची का? इथे बहुतेक घरांत चूक होते. आपण बघतो बाहेरून काय दिसतंय ते, आणि ठरवतो की "अजून काही नाही" किंवा "आता बरं दिसत नाही". मुलीला विचारतच नाही. खरं तर तिलाच विचारायचं: धावताना, दोरीवरच्या उड्या मारताना दुखतं का? शर्टाचं कापड घासून टोचतं का? मैत्रिणींसमोर कपडे बदलताना अवघडल्यासारखं वाटतं का? यातल्या एकालाही "हो" आलं तर घ्या, छाती कितीही सपाट दिसू दे. तिन्हींना "नाही" आलं तर पातळ सुती स्लिप किंवा शमीज पुरे, घाई नको. उलट, तिला नकोशी वाटत असताना फक्त लोक बघतात म्हणून अंगावर चढवली तर ती ब्रा तिच्या लेखी शिक्षाच.

शरीराला ब्रा लागतेच असं नाही. ती घातली म्हणून वाढ थांबत नाही, नाही घातली म्हणून पुढे आकार बिघडत नाही. रात्री घालून झोपायचीही गरज नाही. कर्करोगाची भीती कुणीतरी घालेलच, तर २०१४ साली सिएटलच्या फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्राने पाळी थांबलेल्या दीड हजारांवर स्त्रियांची माहिती तपासली होती. ब्रा वापरण्याचा आणि स्तनांच्या कर्करोगाचा संबंध त्यात आढळला नाही. त्यामुळे या खरेदीत बघायचं एकच, तिला आराम वाटतो की नाही.

आता माझी चूक. थोरलीसाठी मी तिला न विचारता, न मापता, एकटीच जाऊन ब्रा आणली. मापाला एक आकडा मोठी, कारण आपल्याला सवयच असते: फ्रॉक वाढत्या अंगाचा, बूट वाढत्या पायाचे, मग हीही वाढत्या अंगाची. वर जाड पॅडची, "म्हणजे वरून काही दिसणार नाही" म्हणून. पहिल्याच दिवशी शाळेतून आली ती मान वाकडी करून. कप रिकामे म्हणून शर्टाखाली फुगे दिसत होते, मागची पट्टी सरकत मानेपर्यंत चढलेली, आणि ती वर चढू नये म्हणून पोरीने खांद्याचे पट्टे आवळून आवळून इतके छोटे केले होते की दोन्ही खांद्यांवर बोटाएवढे लाल वळ. दुसऱ्या दिवसापासून ती ब्रा मला दिसेना. महिन्याभराने गादीखाली सापडली. तोवर पोर दोन शर्ट एकावर एक घालून शाळेत जात होती, उन्हाळ्यात.

नेमकं बिघडलं कुठे हे मला खूप नंतर कळलं. आपल्याला वाटतं भार खांद्यांवरच्या पट्ट्यांवर असतो. तसं नाही. मुख्य आधार छातीखालून पाठीवर जाणाऱ्या आडव्या पट्टीचा, खांद्याचे पट्टे नुसते कप जागेवर धरायला. ही पट्टी सैल असली की ब्रा वर सरकते, मग पट्टे आवळले जातात, मग खांदे काचतात. कपड्यांत ही एकच गोष्ट अशी की आज ज्या मापाचं अंग आहे त्याच मापाची घ्यायची, आणि वाढलं की पुन्हा घ्यायची. म्हणून पहिल्या खेपेला महागडीच्या मागे लागू नका, सहा-आठ महिन्यांत ती लहान होऊ शकते.

माप घ्यायला तुम्ही जवळ जायची गरजच नाही. शिंप्याची टेप तिच्या हातात द्या. खोलीचं दार लावून, अंगात पातळ बनियन ठेवून, आरशासमोर तिने स्वतः दोन मापं घ्यायची. पहिलं छातीच्या अगदी खाली, बरगड्यांवरून, श्वास सोडून, टेप सगळीकडून जमिनीला समांतर आणि अंगाला लागून, पण रुतून नाही. पाठीमागे टेप घसरून खाली येते, ती आरशात बघून सरळ करायला सांगा, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. दुसरं माप छातीच्या सगळ्यात भरलेल्या भागावरून, टेप सैलसर ठेवून. ती आतून आकडा ओरडून सांगेल, तुम्ही बाहेर कागदावर लिहून घ्या. आमच्या धाकटीने असंच केलं आणि वर "आई, तू आत यायचं नाहीस" असं तीनदा बजावलं. टेप नसेल तर सुतळी गुंडाळून ती फूटपट्टीवर मोजली तरी चालतं.

पहिल्या मापावरून ब्रावरचा आकडा ठरतो: २८, ३०, ३२. माप आणि आकडा एकच असेल असं नाही, कंपनीगणिक फरक पडतो, म्हणून त्या कंपनीच्या मापांचा तक्ता बघा. हे इंच असतात. काही लेबलांवर ६५, ७०, ७५ दिसतात, ते सेंटिमीटर. दोन मापांतल्या फरकावरून कप ठरतो: सगळ्यात कमी फरकाला डबल ए, मग ए, मग बी. माप दोन आकड्यांच्या मध्ये आलं तर दोन्ही घालून बघायच्या, कागदावरून ठरवायचं नाही. "१० ते १२ वर्षं" असं वय छापलेलं असतं त्याच्यावर मात्र विसंबू नका. एकाच वर्गातल्या दोन मुलींच्या बरगड्यांत तीन-चार इंचांचा फरक सहज असतो.

प्रकारांचा फार घोळ घालायचा नाही. तुमच्या मुलीची आत्ता सुरुवात आहे, म्हणजे कप वगैरे काही लागत नाही. डोक्यातून घालायची, आखूड बनियनसारखी, पुढच्या बाजूला दुहेरी कापड असलेली बिगिनर्स ब्रा घ्या. त्या दुहेरी कापडाने घासणं थांबतं आणि वरून काही उठून दिसत नाही, पॅडची गरज संपली. पुढे छाती थोडी भरली की मऊ कपची, हुकाची. तार घातलेली या वयात नकोच. वाढत्या अंगाला ती दर दोन महिन्यांनी वेगळ्या जागी टोचणार. खेळात असेल तर एक स्पोर्ट्स ब्रा वेगळी ठेवा, पण ती मुद्दाम घट्ट असते, दिवसभर घालायची नाही.

कापड सुती होजिअरीचं, त्यात थोडं इलास्टेन, म्हणजे ताणलं तर परत जागेवर येतं. दुकानात एक करा: ब्रा उलटी करून आतून हात फिरवा. बाहेरून सगळ्या गोजिरवाण्याच असतात, त्रास देते ती आतली बाजू. काखेतली शिवण जाड आणि कडक आहे का? लेस आतल्या बाजूला येते का? पट्टे वरखाली करायची कडी धातूची आणि धारदार आहे का, आणि दप्तराचा पट्टा बरोबर तिच्यावरच येणार का? धाकटी एका ब्रामध्ये सारखी पाठ खाजवायची. मी घामोळं समजून पावडर लावत बसले. निघालं काय, तर मागे शिवलेलं नायलॉनचं लेबल. शिवण उसवून ते काढलं, खाज गेली. नुसतं कात्रीने कापू नका, उरलेलं टोक जास्त टोचतं.

घालून बघताना आरशासमोर सरळ उभं राहून काही कळत नाही. दोन्ही हात वर करून उंच कपाटातली वस्तू काढल्यासारखं करायला सांगा, मग वाकून बुटाची लेस बांधायची, मग जागच्या जागी वीस उड्या, मग खुर्चीत बसून खोल श्वास. पट्टी वर चढली तर सैल आहे. श्वास घेताना अडतंय, कडेने मांस वर येतंय, तर घट्ट. पट्टीखाली दोन बोटं आणि खांद्याच्या पट्ट्याखाली एक बोट जायला हवं. हुकाच्या ब्राला मागे तीन रांगा असतात. मोठ्या बायका नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या रांगेवर घालतात, कारण इलॅस्टिक पुढे सैल होतं. मुलींसाठी मी मधली रांग धरते: बरगड्या रुंदावल्या तर बाहेरची, इलॅस्टिक ढिलं झालं तर आतली. कप बरोबर आहे पण पट्टी तेवढी घट्ट होत चाललीय, अशा वेळी जास्तीच्या हुकांची सुटी पट्टी मिळते. ती जोडून आणखी काही महिने काढता येतात.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी दोन तास घालायची, मग काढून बघायचं. किंचित खुणा उठणारच, मोजे काढल्यावर उठतात तशा. तासाभरातही गेल्या नाहीत तर माप चुकलंय. तीन घ्या: एक अंगात, एक धुण्यात, एक कपाटात. घामेजलेली ब्रा रोज बदलायला हवी, नाहीतर पट्टीखाली पुरळ येतं. साध्या पाण्यात हाताने धुवायची, पिळायची नाही, आणि दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळत घालायची नाही. अर्धवट वाळलेली सकाळी अंगात जाते आणि पुन्हा तेच पुरळ.

तुम्ही बाबा म्हणून बोलायचं कसं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण प्रश्नाच्या सुरात दिसतंय. भाषण नको. गाडीत किंवा भांडी घासताना, नजरेला नजर न देता बोललेलं मुलींना सोपं जातं. "तुला दुखतंय ना, त्यासाठी मऊ आतला कपडा मिळतो, आपण बघायचा का? आईला फोन लावू, की मावशीला बरोबर नेऊ, की तूच मोबाइलवर निवडतेस?" एवढं पुरे. मग ती म्हणेल ते करायचं. दुकानात तुम्ही थोडे बाजूला उभे राहा आणि रंग तिला निवडू द्या. आणि घरात कुणालाही, आजी-आजोबा असोत की भाऊ, "आता मोठी झाली हं" असं म्हणू देऊ नका. थोरली मला त्या दोन शर्टांबद्दल काही सांगत नव्हती, त्याला माझं घरभर सांगत सुटणंही कारण होतं, हे तिने मला पुढे अठराव्या वर्षी सांगितलं.

आणलेली तिने दोनदा घालून बाजूला टाकली तर रागावू नका. काय टोचतंय तेवढं विचारा. उत्तर बहुधा "माहीत नाही" येईल, तेव्हा ब्रा तिच्या हातात देऊन "बोट ठेवून दाखव" म्हणा. धाकटीने असंच बोट ठेवलं होतं, काखेतल्या शिवणीवर. पुढची घेताना आम्ही फक्त तेवढं बघितलं.