पद्मिनीला ‘गरम’ कॅम?

प्रश्न : वडिलांची १९८९ची प्रीमियर पद्मिनी हौसेनं चालती ठेवलीय. तुळजापूरच्या घाटात ती धापा टाकते. जोरकस कॅमशाफ्ट आणि मोठा कार्ब्युरेटर बसवून फरक पडेल का?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : पडेल, पण तुम्हाला हवाय तिथं नाही. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह (झडपा) उघडणारा दांडा. असा ‘गरम’ कॅम व्हॉल्व्ह जास्त उचलतो, जास्त वेळ उघडा ठेवतो. त्याचा फायदा वरच्या आरपीएमला, म्हणजे इंजिन जोरात फिरताना. घाटात कमी आरपीएमवर ओढ उलट घटते. १०८९ सीसीच्या या इंजिनाला फार मोठ्या तोंडाचा कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) लावला, की हवेचा वेग मंदावतो आणि पेट्रोल हवेत नीट मिसळत नाही.

हा उद्योग मी केलाय. कॅम नवा घेतला आणि चार पैसे वाचवायला टॅपेट (कॅमवर टेकून व्हॉल्व्ह ढकलणारे तुकडे) जुनेच ठेवले. काही महिन्यांत ऑइल बदलताना बोटाला चंदेरी भुकटी लागली. जुन्या टॅपेटनी नव्या कॅमचे उंचवटे घासले होते! सात रस्त्याला सिग्नलवर गाडी इतकी थरथरायची, की सौ. रिक्षा बघायच्या.

आधी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा, टॅपेटचं अंतर आणि इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) ही. मग इंजिन बंद असताना कार्ब्युरेटरची थ्रॉटल स्पिंडल (हवेची झडप फिरवणारी दांडी) बोटानं हलवून बघा. खुळखुळली तर तिथून फुकटची हवा आत जातेय. तिची बुश (दांडी बसते ते कडं) बदलून घ्या. जेट (पेट्रोल सोडणारी बारीक भोकं) हवेच्या दाबानं साफ करा. तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्ब्युरेटरखालचं, इंजिनाची उष्णता अडवणारं जाड पॅकिंग तर काढूच नका. आपल्या मे महिन्यात त्याच्याशिवाय फ्लोट चेंबरमधलं (कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीतलं) पेट्रोल उकळायला लागेल.